अस्सल विमानाचा पत्रा

११ जून

यवतमाळला मेहुण्याच्या पोरीचं लग्न आटोपून आत्ताच एस.टी.ने घाटंजीला परतलो. लग्नात नवरदेवापेक्षा जास्त भाव खाल्ला तो मुलाकडच्या एका पुणेकर पाहुण्याने. त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्याला पत्र्याचा एक तुकडा अडकवलेला होता, बोटाच्या पेराएवढा. म्हणे महायुद्धातल्या अस्सल विमानाच्या पंखाचा तुकडा. सोबत जाड कागदाचं प्रमाणपत्र. मांडवातली अर्धी माणसं तो तुकडा हातात घेऊन बघत होती आणि तिकडे अंतरपाट धरून भटजी ओरडत होता, अक्षता टाका, अक्षता टाका.

मला राहवलं नाही. म्हटलं, "आमच्या तालुक्यात तर लढाईच्या काळात आख्खं विमान पडलं होतं."

तो म्हणाला, "काय सांगता! काही शिल्लक आहे?"

मी म्हटलं, "भरपूर."

खरं म्हणजे मी एकही तुकडा पाहिलेला नाही, लहानपणी नुसतं ऐकलं आहे. पण असणारच. विमान काही विरघळत नाही.

१३ जून

निर्णय झाला. आपल्या घरी, रस्त्याकडच्या खोलीत, अस्सल विमान अवशेषांचं संग्रहालय. विदर्भात पहिलं. बहुधा महाराष्ट्रातही.

हे काम माझ्याखेरीज कोणाच्याने होणार नाही, कारण माल ओळखणं हा माझा जन्माचा धंदा. कापसाच्या सरकारी खरेदी केंद्रावर मी ग्रेडर होतो. गाडीत हात खुपसायचा, मूठभर कापूस उपसायचा, दोन चिमटींत धागा ताणायचा आणि सांगायचं: एक नंबर, दोन नंबर, कवडी. शेतकरी कितीही आदळआपट करो, सदाशिवराव भोयरने दिलेली ग्रेड कधी बदलली नाही. निवृत्तीनंतर मात्र ग्रेड काढायला काही उरलं नाही. भाजीची काढायला गेलो तर मैनाबाई ताट ओढून घेते.

तिला बेत सांगितला. म्हणाली, "त्या खोलीत तुरीची पोती हायेत अन् निकिताची शिलाई मशीन हाय."

"मागच्या पडवीत हलवू."

"विमान मागच्या पडवीत ठेवलं तर उडून जाईन काय?"

बायकोला इतिहासाची आवड नसली की असं होतं. सूनबाई निकिता उठली. मशीन तिने स्वतःच ओढत नेली, जरा जोरात.

२२ जून

पेरणीचे दिवस आहेत, त्यामुळे कोणी घरी सापडत नाही, आणि शेतात गाठलं तर लोक तुटक बोलतात. तरी विमान पडलं ती जागा शोधून काढली. धावजी नाईकांच्या बंजारा तांड्याच्या पलीकडे, नाल्याकाठी. आता तिथे सोयाबीन आहे.

धावजी नाईक पंच्याऐंशीच्या घरात आहेत, पण त्यांनी मला लांबूनच ओळखलं. "या जी गिरेडर साहेब, बसा. तुमी आमची गाडी दोन डाव वापस पाठवली व्हती. ओला हाय मने कापूस."

"ओलाच होता."

"ओलाच व्हता," असं म्हणून म्हातारा खदखदून हसला आणि त्याने चहा मागवला. मोठा माणूस.

विमानाची गोष्ट मात्र त्याच्या बायकोने, धनीबाईने सांगितली. "माह्या सासूनं पाह्यलं, लालीबाईनं. आत एक पोट्टं व्हतं. गोरंपान, वीस-बावीस वर्साचं. थोडा जीव व्हता. सासूनं मांडीवर डोक्शं घेतलं, पाणी पाजलं. काय त बोलला, कोणाले समजलं नाई. मंग गेला. सासूनं आपल्या आंगावरची ओढणी काढून त्याले झाकलं. दोन रोजानं मिलिटरीवाले आले, त्याले घेऊन गेले, इमानबी नेलं ट्रकात घालून. नाव नाई सांगतलं कोणी."

मी विचारलं, काही राहिलं का मागे? तिने घराच्या कोपऱ्यातल्या देवाच्या जागेकडे बोट दाखवलं. तिथे लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला पत्रा होता. पोळपाटाहून जरा मोठा, एका बाजूला फाटलेला, कडेने रिबिटांच्या रांगा. मी टिचकी मारली. काय आवाज! कापसात असा माल जन्मात एखाद्या वेळेस हाती लागतो.

"मला द्या," मी म्हटलं. "संग्रहालयात ठेवतो, काचेत."

म्हातारा-म्हातारी आपसात त्यांच्या गोरबोलीत बराच वेळ बोलले. मग धावजी म्हणाले, "इचार करून सांगतो जी. ते आमचं एकट्याचं नाई."

नसेल एकट्याचं, पण धूळ तर किती बसली होती त्यावर.

१ जुलै

तालुक्याच्या वार्ताहराला घरी बोलावून चिवडा-चहा दिला. आज बातमी आली: 'घाटंजीत साकारतेय विमान संग्रहालय, ऐतिहासिक वस्तू आणून देणाऱ्यांचा प्रमाणपत्र देऊन सन्मान'. माझा फोटो बरा आला आहे. पोट जरा जास्त दिसतं.

९ जुलै

लोकांमध्ये इतकी इतिहासप्रीती असेल असं वाटलं नव्हतं. रोज कोणी ना कोणी काही ना काही घेऊन येतं. आजवरची आवक अशी: विमानाच्या पंख्याचं एक पातं, विमानाच्या टाकीचं झाकण, पायलटची पाण्याची बाटली, आणि मुख्य म्हणजे नेमसिंग नावाच्या एकाने आणलेला गोल, मोठा, वाटीसारखा भाग, जो विमानाचं नाक असावा.

निकिता ते नाक बघून म्हणाली, "बाबा, ही टीव्हीची छत्री आहे."

मी तिला शांतपणे समजावलं की टीव्हीच्या छत्रीचा आकार कुठून आला? विमानावरूनच आला. पंख्याच्या पात्याबद्दलही तिला शंका होती. पण मी टिचकी मारून, कानाला लावून ग्रेड काढलेली आहे. पातं दोन नंबर, नाक एक नंबर.

प्रमाणपत्रं संपली. आणखी छापायला टाकली. वर 'अस्सल' हा शब्द लाल शाईत घ्यायला सांगितला आहे.

१७ जुलै

मारेगावच्या काही मंडळींचं म्हणणं आहे की विमान घाटंजीकडे पडलं असेल, पण शेपूट त्यांच्या शिवारात पडली, म्हणून संग्रहालयाच्या नावात मारेगाव यावं. मी फोनवर म्हटलं, "आधी शेपूट दाखवा." ते म्हणाले, "आधी नाव घाला." या जिल्ह्याची प्रगती का होत नाही हे कळतं.

२ ऑगस्ट

आज बाजाराचा दिवस. दुपारी दारात रिक्षा थांबली. धावजी नाईकांचा नातू संजय रिक्षा चालवतो, त्याच्यासोबत धनीबाई आली होती. काखेत फडक्यात गुंडाळलेला पत्रा. बाई पायरीवर बसायला लागली, मैनाबाईने हात धरून आत खुर्चीवर बसवली, कुंकू लावलं, चहा दिला.

धनीबाई म्हणाली, "तांड्यातल्या लोकायनं बसून ठरोलं. नेऊन द्या मने साहेबाले. पण मले एक पाह्यजे जी."

मला वाटलं, आता रक्कम सांगते. पण ती म्हणाली, "त्या पोट्ट्याचं नाव काढून द्या."

मी म्हटलं, "नाव कायले पाह्यजे? ऐंशी वर्षं झाली."

"दिवाळीले आमी पितरायच्या नावानं इस्तवात लापशी टाकतो. एकेकाचं नाव घेऊन टाका लागते. सासरा, सासू, माहा मोठा दीर, सगळ्यायचं. त्याचीबी टाकतो, आमच्या शिवारात मेला ना तो, सासूच्या मांडीवर. पण त्याची पाळी आली का माहा माणूस नुसता थांबते. नाव नाई. मंग तशीच टाकते." तिने चहाची बशी खाली ठेवली. "सासू मरेपर्यंत म्हणे, बिननावाचं त्याले पोचत असन का नसन. त्याची माय कोठी बसली असन वाट पाहत. मीबी आता किती दिवस हावो? तुमी शिकेल मानसं हा. दिवाळीपर्यंत नाव काढा, अन् तेवढ्या दिवसापुरता पत्राबी आणून द्या."

मी शब्द दिला. नाव काढणं म्हणजे काय, नागपूरला एक फोन. मैनाबाईच्या डोळ्यांत पाणी होतं. ती जरा हळवीच आहे.

संजय जाताना म्हणाला, "साहेब, आजीनं कोणाले हात नसता लावू देल्ला." मी त्याला प्रमाणपत्र दिलं. त्याने घडी करून खिशात घातलं.

पत्रा संध्याकाळी नीट तपासला. निःसंशय एक नंबर. मागच्या बाजूला काळपट थर आणि त्यात काही अक्षरं-आकडे ठोकल्यासारखे, बारीक. कारखान्यातल्या पोरांना चांगल्या वस्तूवर खरडायची खोड असतेच. आजच्या चिवड्यात शेंगदाणे फार कमी होते, दुकानदाराला बोललं पाहिजे.

१४ ऑगस्ट

नागपूरच्या माणसाचा पत्ता मिळाला. अश्वजित रामटेके. हवाई दलात विमानं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं, आता जुन्या पडलेल्या विमानांचा शोध घेणं हाच छंद. त्याला आठ फोटो पाठवले. सहा फोटोंत मी आहे, पत्रा हातात धरून.

लगेच त्याचा फोन आला. फार उत्साही माणूस. "सर, फाटलेला तुकडा खरा वाटतो आहे! मागची बाजू कशी आहे?"

मी त्याला माझी टिचकीची पद्धत पहिल्यापासून समजावून सांगितली. कापसाचा धागा, ओलावा, आणि तेच तत्त्व धातूला कसं लागू होतं. तो मधेमधे मागची बाजू, मागची बाजू असं काहीतरी म्हणत होता. शेवटी म्हणाला, मुलीचं बाळंतपण आहे, दसरा झाला की स्वतः येतो. फोटोतलं संग्रहालयही त्याला पाहायचं आहे. विशेषतः छत्री, असं म्हणाला. म्हणजे नाक.

विमानातल्या पोराचं नाव तोच काढून देईल. ते काम झाल्यासारखंच आहे.

२२ ऑगस्ट, पोळा

आज तोरणाखाली बैल उभे असताना झडत्या, म्हणजे पोळ्याची टोमण्यांची कवनं, सुरू झाल्या आणि एका पोराने चक्क माझ्यावर झडती म्हटली. अख्खा गाव टाळ्या पिटत होता. जशीच्या तशी उतरवून ठेवतो:

फॅनचं पातं, कुकराचं झाकण,
गिरेडरच्या घरी इमानाचं राखण,
टिचकी मारते, कानाले लावते,
भंगार घेते अन् कागद देते,
बोला, हर हर महादेव!

झडती ज्याच्यावर होते त्याला गाव मानतं हे उघड आहे. आमदारावर होते, पाटलावर होते. घरी येऊन मैनाबाईला म्हणून दाखवली. तिने पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही.

१९ सप्टेंबर

संग्रहालयाचं उद्घाटन दसऱ्याला. प्रभावतीताई येणार आहेत, बचत गटांच्या तालुका अध्यक्षा. त्यांची शंभर बायका आणण्याची ताकद आहे आणि कुठल्याही फोटोत मधोमध उभं राहण्याचीही. आज त्या पाहणी करून गेल्या. बाकी सगळं आवडलं. पत्र्याजवळ थांबून म्हणाल्या, "भाऊ, हे काय असं काळंकुट्ट? आमी फोटो काढू त काय दिसन? चमकलं पाह्यजे. अन् हे कोणाचं हाय ते लिवा त्याच्यावर. नाई त उद्या मारेगाववाले म्हणतीन आमचं हाय."

बाईला डोकं आहे.

२७ सप्टेंबर

आज दिवसभर पत्र्याच्या मागे होतो. निकिता माहेरी गेली आहे, त्यामुळे शंकाही कोणी काढल्या नाहीत.

सकाळी पत्रा फॅब्रिकेशनवाल्याकडे नेला. त्याने फिरत्या चाकावर धरून पुढची बाजू अशी चमकवली की चेहरा दिसावा. म्हटलं, मागचीही कर; अश्वजित मागच्या बाजूचं सारखं विचारत होता, तर ती तरी स्वच्छ हवी. मागची खरड काही केल्या जाईना. दोनदा चाक फिरवायला लावलं. शेवटी गेली.

तिथून भांड्याच्या दुकानात. आपल्याकडे लग्नाचं साधं ताट घेतलं तरी त्यावर नाव टाकल्याशिवाय दुकानाबाहेर जात नाही, आणि ही तर इतिहासाची वस्तू. दुकानदाराने नाव टाकायची मशीन लावली. टर्रटर्र करत ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षरं उमटली, अगदी टपोरी. मजकूर मीच दिला होता: 'अस्सल. सदाशिवराव भोयर संग्रहालय, घाटंजी.' तो म्हणाला, जागा उरली आहे, तारीख टाकू का? म्हटलं, टाक. आजची टाकली.

घरी आणून मैनाबाईला दाखवला. तिने उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाली, "मागं काहीतरी लिवेल व्हतं ना?"

"कारखान्याची खरड होती. काढली."

"त्या म्हातारीले इचारलं व्हतं?"

तिला विचारायचं काय? तिला वाचता येत नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

उद्घाटन जोरात. प्रभावतीताईंनी फीत कापली. पत्रा फुलांच्या हारात ठेवला होता, चमक अशी की फोटोवाल्याने दोनदा जागा बदलली. बायका खरोखरच शंभर होत्या, सगळ्यांना सोनं वाटलं. धावजी नाईकांकडून कोणी आलं नाही. सोयाबीनची कापणी आहे म्हणे. भाषणात मी शेवटी म्हणालो, "अस्सल ते अस्सलच." टाळ्या.

५ ऑक्टोबर

अश्वजित रामटेके आले. सडपातळ, खांद्याला पिशवी, बोलायला मऊ. संग्रहालयात शिरले आणि एकेक वस्तू बघत गेले. टीव्हीच्या छत्रीपाशी बराच वेळ थांबले, खोकल्याचं निमित्त करून खिडकीबाहेर बघितलं. पंख्याच्या पात्याबद्दल म्हणाले, "सर, हे आमच्या घरीपण आहे. बैठकीत." मी समजलो. मला वाईट वाटलं, पण मी तयार होतो. म्हटलं, "आता खरी वस्तू बघा."

पत्रा त्यांच्या हातात दिला. त्यांनी बोट रिबिटांवरून फिरवलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "अरे वा. हे खरं आहे, सर. शंभर टक्के." माझ्या अंगावर काटा आला. मैनाबाई दारात उभी होती, तिच्याकडे मी बघितलं. मग त्यांनी पत्रा उलटा केला.

खिडकीपाशी गेले, उजेडात धरला, तिरका केला. खिशातून भिंग काढलं. बराच वेळ.

"सर, इथं काही होतं?"

"थोडी खरड होती. अक्षरं, आकडे. कारखान्याची."

"किती आकडे? आठवतात?"

"नाही."

त्यांनी भिंग खिशात ठेवलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाले, अशा पत्र्यावर विमानाचा नंबर असतो. नंबर मिळाला की कोणतं विमान ते कळतं, विमान कळलं की ते कुठून निघालं, कोणत्या दिवशी पडलं आणि आत कोण होतं. सगळ्यांची नावं लिहिलेली असतात, घरचे पत्ते असतात. अशी तीन पोरं त्यांनी शोधून काढली आहेत. एकाची बहीण जिवंत होती.

मी म्हटलं, "दुसरा काही मार्ग असेल."

"खूप विमानं पडली, सर. मिलिटरीने दुसरं सगळं नेलं. तुमच्याकडे हेच होतं." मग त्यांनी पत्रा सरळ केला आणि माझं नाव मोठ्याने वाचलं, तारखेसकट. कुठलाही टोमणा न मारता, नुसतं वाचलं. चहा घेतला आणि यवतमाळच्या बसची वेळ विचारली.

मैनाबाईने रात्रीचं जेवण वाढलं, बोलली नाही.

६ ऑक्टोबर

ही वही उघडून बसलो. मी रोज लिहितो, काहीतरी असणारच. दोन ऑगस्टचं पान काढलं. त्या दिवशीच्या चिवड्यात शेंगदाणे फार कमी होते, हे लिहिलं आहे. आकडे लिहिलेले नाहीत. मी इतका वेळ ते शेंगदाणे वाचत बसलो की चहा थंड झाला.

फोटोही पाहिले. आठच्या आठ फोटोंत पुढची बाजू आहे, आणि सहांत मी आहे.

११ ऑक्टोबर

फॅब्रिकेशनवाल्याला विचारलं. त्याला वाटलं मी तक्रार करायला आलो. म्हणाला, "एकदम चिकना केला ना साहेब, अजून एक हात मारू?"

संग्रहालय बंद ठेवलं आहे. दुरुस्तीसाठी, असं दारावर लिहिलं. आज निकिताची मशीन मीच पुढे आणून ठेवली. ती म्हणाली, "राहू द्या बाबा." तरी ठेवली.

१६ ऑक्टोबर

दिवाळी आली. मी मैनाबाईला म्हटलं, एखादं इंग्रजी नाव सांगून टाकतो. जॉर्ज, पीटर, काहीही. म्हातारीला काय फरक पडतो?

तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. "ते लोक त्याच्या नावानं घास टाकतीन. त्याचा घास कोण्या पीटरले धाडता तुमी? लालीबाईनं आपली ओढणी देल्ली त्याले. तुमी त्याले एक नाव नाई देऊ शकले, अन् खोटं देता?"

निकिता म्हणाली, "बाबा, खरं सांगून टाका. रागावतील फार तर."

रागावले तर चालेल. कापूस परत पाठवताना लोकांच्या शिव्या मी जन्मभर ऐकल्या आहेत. पण धनीबाई शिव्या देणारी नाही, हीच अडचण आहे.

१९ ऑक्टोबर

ठरलं. खरं सांगायचं. वाक्यही ठरवलं: "धनीबाई, माझ्या हातून नाव पुसलं गेलं." नंतर वाटलं, पुसलं गेलं असं म्हणणंही चोरटेपणाच आहे. "मी पुसलं." आज दिवसभर हे दोन शब्द मनात म्हणत होतो.

२२ ऑक्टोबर

संजय दुपारी रिक्षा घेऊन आला. पत्रा मी त्याच जुन्या फडक्यात गुंडाळला होता.

तांड्यात अंगण शेणाने सारवलेलं, मधोमध विस्तव केलेला, बाजूला लापशीचं पातेलं आणि तूप. सगळी माणसं नवे कपडे घालून जमलेली. धावजी नाईकांनी मला आपल्या शेजारी बसवलं. धनीबाईने पत्रा घेतला, फडकं सोडलं आणि ती बघतच राहिली. एवढा चमकणारा तिने कधी पाहिला नसेल. मला वाटलं, आता विचारेल काय केलं याचं.

तिने पुढच्या बाजूवरून हात फिरवला. ठिपक्यांची अक्षरं बोटाला लागली. एकेका अक्षरावर बोट ठेवत ती शेवटापर्यंत गेली आणि तिने वर पाहिलं. असा चेहरा मी कोणाचा पाहिला नाही.

"सापडलं जी? हे नाव हाय ना? यावर कोरून आणलं तुमी!"

ते दोन शब्द तोंडात तयार होते. तोंड उघडलं. सगळा तांडा माझ्याकडे बघत होता.

"वाचा ना जी. काय नाव हाय पोट्ट्याचं?"

मी काय वाचणार? जे लिहिलं होतं तेच वाचलं. "सदाशिव."

पुढे सांगणार होतो, देवाशपथ सांगणार होतो की हे माझं आहे, मी टाकलं, त्याचं मी पुसलं. पण तिने दोन्ही हात कपाळाला लावले आणि म्हणाली, "मायबाई, तुमचंच नाव हाय त्याचं! मनून त तुमाले सापडलं!" आणि ती मागे वळून बायकांना सांगायला लागली, सदाशिव, सदाशिव. बायकांनी ते नाव आपसात म्हणून पाहिलं. एका म्हातारीने डोळे पुसले.

संजयने पत्रा हातात घेतला. त्याला वाचता येतं. त्याने पूर्ण वाचलं, संग्रहालय, घाटंजी, तारीख, सगळं. मग माझ्याकडे पाहिलं. मग आजीकडे पाहिलं, आणि पत्रा हळूच उपडा करून विस्तवाशेजारी ठेवला.

धावजी नाईक पुढे सरकले. एकेक नाव घेत त्यांनी लापशी विस्तवात टाकायला सुरुवात केली. मला गोरबोली येत नाही. लालीबाईचं नाव कळलं. मग ते थांबले, सवयीने थांबले असावेत. धनीबाईने त्यांच्या पाठीला हात लावला. त्यांनी मोठ्याने म्हटलं, "सदाशिव," आणि घास टाकला. तुपाने जाळ वर आला.

मी शेजारी मांडी घालून बसलो होतो. आपल्याच नावाचा घास जळताना पाहत होतो. ऐंशी वर्षं तो पोरगा बिननावाचा का होईना, आपला घास खात होता. या वर्षी तोही माझ्या नावावर जमा झाला.

नंतर धनीबाईने द्रोणात लापशी आणून दिली, वरून तुपाची धार सोडली. म्हणाली, "खा जी. त्याच्या वाट्याची हाय. त्याच्या मायनं पाह्यलं असतं त तुमाले स्वताच्या हातानं भरवलं असतं."

मला लाज वाटत होती, द्रोण खाली ठेवायला गेलो. पण ती समोर बसून राहिली, मी संपवेपर्यंत. मी द्रोण संपवला.